बाजाराच्या दिवसापासून

कालीपा एजेचं, म्हणजे आमच्या कालीपाताईचं, काम म्हणजे दुसऱ्याच्या वाट्याच्या शिव्या खाणं. आणि माझं काम म्हणजे तिला त्या शिव्यांपर्यंत वेळेवर पोचवणं. मी ओर्मोन, कोक-बुलाक गावच्या दवाखान्याची निवा गाडी चालवतो. डॉक्टर घरोघरी तपासायला जातात तेव्हा मी अंगणात उभा असतो, आणि मग त्या घरातून तक्रार आली की एजेला घेऊन पुन्हा त्याच अंगणात. गावातली कुत्रीसुद्धा आता मला बघून भुंकत नाहीत.

तक्रारी तरी कसल्या! डॉक्टर आला तो सरळ छातीला नळी लावायला, पोरंबाळं कशी, गुरंढोरं कशी, काही विचारायची रीत नाही. डॉक्टर आमच्याआधी शेजारच्यांकडे का गेला, आमचा आजार काय हलका आहे? डॉक्टरीणबाई नान न चाखता गेली, म्हणजे आमचं घर तिला ओवळं वाटलं की काय? मला विचाराल तर यातल्या अर्ध्या लोकांना दोन ठेवून द्यायला हव्यात. पण एजे सगळं ऐकून घ्यायची. दस्तरखानाशी, जेवणाच्या पसरलेल्या चादरीशी, बसायची, आधी नानचा तुकडा मोडून तोंडात घालायची, चहा घ्यायची, आणि मग म्हणायची, "हं, आता बोला. कागदावर काय लिहिलंय ते राहू दे. तोंडाने सांगा."

पूर्वी ती टेलिफोनच्या केंद्रात होती. सगळ्या गावाच्या तारा जोडायची. ते केंद्र बंद पडलं आणि हिला दवाखान्यात तक्रारींच्या खुर्चीवर आणून बसवलं, कारण त्या खुर्चीवर कुणी टिकत नव्हतं. नवरा लवकर गेलेला, मूलबाळ नाही. आवाज कधी चढायचा नाही तिचा. मी गाडीत तोंड सोडलं की म्हणायची, "ओर्मोन, गियर बदल, गाडीचा नाही, तुझा."

तर त्या बुधवारी मोठ्या डॉक्टरांनी तिला आत बोलावलं आणि दार न लावताच ओरडायला लागले, म्हणून मला सगळं ऐकू आलं. वरच्या टोकाच्या जुमाबायच्या घरून तक्रार आली होती. म्हातारा पोटदुखीने जिल्ह्याच्या दवाखान्यात पडला होता. त्याचा थोरला मुलगा उलारबेक राजधानीहून आला आणि त्याने लिहून दिलं होतं, की वडिलांचं पोट शुक्रवारपासून दुखतंय, तसं घरच्यांनी सांगितलंही, तरी सोमवारी आलेल्या डॉक्टरीणबाईने पोट चाचपलं, पुड्या दिल्या, 'आता उतार आहे, वाट बघा' म्हणाली आणि निघून गेली. मंगळवारी म्हातारा पिवळा पडला, तेव्हा घरच्यांनीच उचलून जिल्ह्याला नेला.

आणि डॉक्टरीण रखत म्हणत होती, मला रविवारपासून दुखतंय असं सांगितलं. तिच्या चिठ्ठीवरही रविवारच होता. तीच चिठ्ठी म्हाताऱ्याबरोबर जिल्ह्याला गेली होती.

"एकतर ही खोटं बोलतेय नाहीतर ते!" मोठे डॉक्टर टेबलावर हात आपटत म्हणाले. "संध्याकाळपर्यंत मला नाव पाहिजे. सुनेने रविवार सांगितला असेल तर तिच्याकडून तसं लिहून आण. नाहीतर रखतला उद्यापासून सुट्टी. उलारबेक मंत्रालयात फोन करायच्या गोष्टी करतोय!"

रखत बाहेर बाकावर बसली होती. शहरात वाढलेली पोर, रशियन शाळेत शिकलेली, किर्गिझ बोलताना मध्येच अडखळायची. दीड वर्षापूर्वी आमच्याकडे आली. तिच्याआधीचे डॉक्टर एकेक हिवाळा काढून पळाले होते, ही मात्र गुडघाभर बर्फातही माझ्याबरोबर घरोघरी हिंडली होती. रडून रडून नाक लाल झालं होतं बिचारीचं.

"एजे, मी दोनदा विचारलं हो तिला," ती म्हणाली. "दोनदा! ती सून मला गोत्यात आणतेय."

"चल गाडीत," एजे म्हणाली. "आणि ओर्मोन, आज तूही आत ये. माणसं चिडलेली आहेत, चार कान असलेले बरे."

रस्ताभर मी मनातल्या मनात त्या सुनेला शिव्या हासडत होतो. वाटायचं, पोरगी घाबरट, तेव्हा काहीतरी बरळली असेल आणि आता सासूच्या धाकाने शब्द फिरवतेय. चोराच्या उलट्या बोंबा.

घरात शिरलो तर उलारबेक येरझारा घालत होता. आडदांड माणूस, डोळे तांबारलेले. दस्तरखानच्या वरच्या अंगाला त्याची आई बुरुल आपा बसलेली, पांढरा रुमाल, पाठ ताठ. सगळं गाव तिला वचकून असायचं. दाराजवळ सून आयझादा चहा ओतत होती. तिचा नवरा, म्हणजे या घरचा धाकटा, रशियात कझानला बांधकामावर. म्हातारा आजारी पडला तेव्हा घरात या दोघीच होत्या, आणि सोमवारी डॉक्टरीणबाई आली तेव्हा आपा नेमकी शेजारच्या गावात बहिणीकडे गेलेली. म्हणजे त्या वेळी काय बोलणं झालं ते फक्त सून आणि डॉक्टरीण जाणे. म्हातारा कण्हत पडला होता.

एजेने नान मोडला, तोंडात घातला. "म्हातारेबाबा कसे आहेत आज?"

"कसे असणार!" उलारबेक उसळला. "सर्जन म्हणतो, काहीतरी बाधलंय, उतार पडतोय असं दिसतं, थांबून बघू. फोटो काढायचं मशीन चालवणारा माणूस उद्या येणार. थांबून बघू! हिनेही थांबून बघू म्हटलं, तोही थांबून बघू म्हणतो! माझा बाप काय मातीचं भांडं आहे, वाळायला ठेवलेलं?"

"बस बाळा," एजे म्हणाली. "कागद बाजूला ठेव. तू तर इथे नव्हतास. आपण असलेल्या माणसांना विचारू. आयझादा, पोरी, सोमवारी डॉक्टरीणबाईने काय विचारलं?"

"कधीपासून दुखतंय, ते विचारलं," आयझादा खाली मान घालून म्हणाली.

"मग तू काय सांगितलंस?"

"खरं तेच सांगितलं."

"रविवार सांगितलास!" रखतच्या तोंडून निघून गेलं. "माझ्या तोंडावर सांगितलंस!"

"नाही हो डॉक्टरीणबाई. रविवार नाही म्हटलं मी."

"मग काय म्हटलंस? शुक्रवार म्हटलंस? म्हण की माझ्या डोळ्यात बघून, मी शुक्रवार म्हटलं!"

आयझादाने तोंड उघडलं आणि मिटलं. उलारबेक ओरडला, "अगं बोल ना! गप्प का? शुक्रवार सांगितलास की नाही?" ती पुन्हा चहा ओतायला लागली. मला वाटलं, झालं, पकडली गेली. मी एजेकडे बघितलं, आता कागद पुढे करेल आणि सही घेईल. अगदी खरं सांगतो, मला बरंच वाटलं, कारण रखतची नोकरी वाचत होती.

एजेने कागद काढला नाही. ती सरकून सुनेच्या जवळ गेली, तिच्या हातातून किटली काढून घेतली. "घाबरू नकोस. मला दिवस नको सांगूस. त्या दिवशी तुझ्या तोंडून जे शब्द गेले, तेच्या तेच म्हण. मी डॉक्टरीण आहे असं समज. हं, कधीपासून दुखतंय गं?"

"बाजाराच्या दिवसापासून," आयझादा म्हणाली. "बाजाराच्या दिवसापासून पोट धरून बसलेत, म्हटलं मी."

"बघा!" रखत ताडकन उठली. "बाजाराचा दिवस! रविवारच झाला ना!"

"कसला रविवार!" बुरुल आपाने एवढा वेळ मिटलेलं तोंड उघडलं. "बाजाराचा दिवस म्हणजे बाजाराचा दिवस! मीच उलारबेकला फोनवर तेच सांगितलं, त्याला बरं कळलं! तुला कळत नसेल तर कान तपासून घे आधी, मग माझ्या नवऱ्याचं पोट तपास!"

"पण बाजार तर रविवारी भरतो!"

"तो आताचा, गुरांचा! मी बाजाराचा दिवस म्हणतेय!"

एजेचा हात नानवर तसाच राहिला. तिचा चेहरा मी इतक्या वर्षांत असा पाहिला नव्हता. "आपा," ती हळूच म्हणाली, "तुमच्या तोंडून ऐकू दे. बाजाराचा दिवस म्हणजे कुठला वार?"

बुरुल आपाने तिच्याकडे रोखून बघितलं. ओठ घट्ट मिटले. त्या क्षणी माझ्या डोक्यात उजेड पडला.

आमच्याकडे शुक्रवारला जुमा म्हणतात. आणि म्हाताऱ्याचं नाव जुमाबाय. शुक्रवारी जन्मला म्हणून जुमाबाय. बाई नवऱ्याचं नाव घेत नाही, सून सासऱ्याचं नाव घेत नाही, आणि नावात जो शब्द असेल तोही उच्चारत नाही. सासऱ्याचं नाव दगडावरून असलं तर जन्मभर दगडाला दुसरंच काहीतरी म्हणायचं. बुरुल आपा या घरात नवरी होऊन आली तेव्हा बाजार शुक्रवारी भरायचा. तिने शुक्रवारला 'बाजाराचा दिवस' म्हणायला सुरुवात केली, मुलं तेच ऐकत वाढली, सुनेलाही तेच शिकवलं. दोन वर्षांपूर्वी बाजार रविवारवर गेला, पण घरातला शब्द कुठे जाणार? आणि रखत आली तेव्हा बाजार रविवारीच भरत होता. तिला दुसरा बाजार ठाऊकच नव्हता. खोटं कुणीच बोलत नव्हतं.

मी सुटकेचा श्वास सोडणार, तोच रखत पांढरीफटक पडली. "शुक्रवार," ती पुटपुटली. "म्हणजे तीन दिवस दुखत होतं. आणि सोमवारी दुखणं एकदम कमी झालं..." ती उलारबेककडे वळली. "अहो, रविवारी सुरू होऊन सोमवारी कमी झालं तर बाधलेलं उतरतंय म्हणायचं. पण शुक्रवारपासून वाढत वाढत जाऊन एकदम थांबलं, तर आत काहीतरी फुटलंय! सर्जनकडे माझी चिठ्ठी आहे. रविवारची. तो म्हणूनच वाट बघतोय!"

तक्रार तिथेच मेली. आता प्रश्न म्हाताऱ्याचा होता.

रखतने फोन लावला. सगळ्यांना ऐकू यावं म्हणून आवाज मोठा करून दस्तरखानवरच ठेवला. सर्जन तापट माणूस, मी ओळखतो त्याला. तिचं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "डॉक्टरीणबाई, तुमच्यावर तक्रार झाली हे सकाळीच कळलंय मला. आता वार बदलताय? मुलाने दिवसभर शुक्रवार शुक्रवार करून माझं डोकं खाल्लं, तर तो राजधानीत होता. त्याला काय माहीत? म्हाताऱ्याचं हृदय कमजोर आहे. तुमची कातडी वाचवायला मी त्याचं पोट फाडू?"

"मी सांगतो ना!" उलारबेक ओरडला.

"तुम्ही गप्प बसा. पहिल्या दिवशी त्याच्याजवळ कोण होतं? त्या माणसाला द्या."

आयझादा पुढे आली. गुडघ्यावर बसली, फोनकडे वाकली. "मी होते. सून."

"कुठल्या वारी सुरू झालं?"

"त्या... सोमवारच्या आधी..."

"सोमवारच्या आधी सगळेच वार येतात! नीट सांग."

तिने बोटं मोजायला घेतली. बोलायचं कसं? म्हाताऱ्याच्या बापाने तिन्ही पोरांची नावं वारांवरूनच ठेवलेली. थोरला बेयशेनबाय गुरुवारचा, मधला हा शुक्रवारचा, धाकटा इशेनबाय शनिवारचा. गुरुवारनंतरचा म्हणावं तर ते नाव थोरल्या चुलतसासऱ्याचं. शनिवारच्या आधीचा म्हणावं तर धाकट्याचं. चहूबाजूंनी दारं बंद! ती नुसती 'तो... त्याच्या आधीचा... त्याच्याही...' करत राहिली आणि घामाने डबडबली. सोमवारच्या आधी तीन दिवस, एवढं साधं त्या गोंधळात तिलाही सुचेना आणि आम्हालाही. मी बोलायला गेलो तर सर्जन गरजला, "हा आणखी कोण? तुम्ही तिला शिकवताय काय तिथे बसून? मला कोडी नकोत! माझ्याकडे दुसरे पेशंट आहेत. उद्या मशीनवाला आला की बघू."

"थांबा," एजे म्हणाली. फोनला नाही, बुरुल आपाला. आवाज तोच, न चढलेला. "आपा, तो ठेवतोय फोन."

म्हातारी हलली नाही. मला वाटलं, आता ही काही बोलत नाही, रीत सोडण्यापेक्षा मरण पत्करेल. माझ्या तोंडात शिवी आली होती. तेवढ्यात तिने हात लांब करून फोन उचलला, आरसा धरावा तसा तोंडासमोर धरला आणि असा आवाज काढला की बाहेर कोंबड्या फडफडल्या.

"जुमा! ऐकलंस? जुमापासून! माझा जुमाबाय जुमापासून दुखण्याने तळमळतोय, आणि मी त्याची बायको बोलतेय! या तोंडाने आजवर त्याचं नाव घेतलेलं नाही. आता घेतलं. अजून काय पाहिजे तुला? काप त्याला!"

आयझादाने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मग सर्जन म्हणाला, "समजलं, आपा. घेतो आत." आवाज एकदम खाली आला होता त्याचा.

मी निवा अशी हाणली की पुलावर चारही चाकं सुटली असती. मागे आपा आणि रखत, पुढे एजे. उलारबेक त्याच्या गाडीने आमच्याही पुढे. बुरुल आपा वाटभर ओठ पुसत राहिली, काही खरकटं लागल्यासारखे. रखत हुंदके गिळत होती. कधीतरी आपाने न बघताच तिच्या मांडीवर हात ठेवला आणि तसाच राहू दिला.

जिल्ह्याच्या दवाखान्याच्या ओसरीवर आम्ही किती वेळ बसलो कोण जाणे. उलारबेकने भिंतीला डोकं टेकवलेलं. एजे सगळ्यांसाठी चहा आणत होती आणि कुणीच पीत नव्हतं. शेवटी सर्जन बाहेर आला. आत फुटलेलंच होतं, म्हणाला. उद्यापर्यंत थांबलो असतो तर माणूस हाती लागला नसता. आता वाचेल असं वाटतं, पण वेळ लागेल. उलारबेक लहान पोरासारखा रडला. रखतकडे गेला आणि तिच्या हातातली पिशवी घेऊन उभा राहिला.

मोठ्या डॉक्टरांना नाव हवंच होतं. "चूक कुणाची लिहू?" त्यांनी एजेला विचारलं.

"कुणाचीच नाही, साहेब. एवढंच करा, फोनवर बसणाऱ्या पोरींना आणि डॉक्टरांना सांगा, सुनेला आणि सासूला वार विचारू नका. तारीख विचारा. तारखेवरून अजून कुणी पोरांची नावं ठेवलेली नाहीत."

साहेब खुर्चीत रेलले, त्यांना हसावं की चिडावं कळेना. रखत मात्र राहिली. एजे पुन्हा तिच्या खुर्चीवर बसली आणि दुसऱ्याच दिवशी कुणीतरी तक्रार घेऊन आलं, की डॉक्टरने आमच्या म्हातारीला 'म्हातारी' म्हटलं.

जुमाबाय घरी आल्यावर त्याला बघायला रखत गेली, आणि का कोण जाणे, एजेही बरोबर आली. तक्रार नसताना ती कुठल्या घरात गेलेली मी पहिल्यांदाच बघत होतो. म्हातारा खिडकीखाली गाद्यांवर झोपलेला, निम्म्याने वाळलेला. अंगात थोडी कणकण होती. रखतने जखम पाहिली, ठीक आहे म्हणाली, मग सुनेकडे वळली. "ताप कधी आला होता? तारीख सांग हं."

आयझादा बोटं मोजायला लागली, आणि बुरुल आपाचा पारा चढला. "तारीख कसली मोजतेस? वार सांग! डॉक्टरीणबाईसमोर या घरात लाजायचं नाही, सांगितलंय ना मी? मी बोलले तेव्हा काय आभाळ पडलं?"

पोरीने रुमाल सावरला. एकदा सासूकडे बघितलं, एकदा जमिनीकडे. आणि कसंबसं, ओठातल्या ओठात म्हणाली, "जुमा."

खिडकीखाली म्हातारा हलला. डोळे मिटलेलेच होते. "आलो गं आई," तो म्हणाला.

बाईच्या तोंडून त्याचं नाव ऐकू यावं, ही गोष्ट त्याच्या आईबरोबरच मातीत गेली होती. बुरुल आपा गुडघ्यांवर सरकत त्याच्याजवळ गेली आणि तिने त्याचं मनगट दोन्ही हातांत घट्ट पकडलं.

"कुठे निघालात?" ती म्हणाली. "आई नाही ती, सून बोलतेय. पडून राहा गुमान."